तीन हातांची रेषा

जॉर्जिया ओकीफ या अमेरिकन चित्रकर्तीची उतारवयातली छायाचित्रे ज्यांनी निवांतपणे न्याहाळली असतील, त्यांना तिच्या गळ्याशी असलेली एक पिन नक्की आठवेल. अंगावर काळे, अगदी साध्या बेताचे वस्त्र. केस मागे ओढून बांधलेले. चेहऱ्यावर न्यू मेक्सिकोच्या उन्हाने कोरलेल्या सुरकुत्या. आणि या साऱ्या विरक्त संयमाच्या ऐन मध्यावर, धातूची एक वळणदार, किंचित खट्याळ रेषा. अलंकारांचा तिला सोस नव्हता. म्हणूनच हा एक अलंकार वर्षानुवर्षे तिच्या अंगावर का राहिला असेल, असा प्रश्न मनात उभा राहतो आणि आपण त्या पिनकडे झुकून पाहू लागतो.

पिन केली अलेक्झांडर कॅल्डर या शिल्पकाराने, १९४० च्या आसपास, स्वतःच्या हाताने, आणि ओकीफला ती भेट म्हणून दिली. ती पितळेची होती. पुढे तिची एक चांदीची आवृत्ती घडली, आणि माझे मन खरे तर त्या चांदीच्या आवृत्तीत गुंतलेले आहे. पण चांदीपर्यंत पोहोचायचे तर आधी पितळेची वाट चालावी लागते. कारण रेषा जन्मली ती पितळेत.

पिन आडवी धरली तर तिच्यात दोन रोमन अक्षरे आहेत, ओकीफच्या नावातले ‘ओ’ आणि ‘के’. यातला ‘ओ’ हा नुसता बंद गोल नाही. ते एक वेटोळे आहे, स्वतःभोवती फिरत आत आत जाणारे. वेटोळ्याची ही किमया आपण जरा थांबून पाहू. त्याचे एक टोक बाहेर, आपल्यासमोर, उघडे असते; दुसरे टोक गर्भात दडलेले असते. पाहणाऱ्याची दृष्टी बाहेरच्या टोकावर पाऊल ठेवते आणि वळणावळणाने आत शिरत मध्यावर येऊन विसावते. तार वळवणाऱ्या हाताचा प्रवास मात्र नेमका उलटा असतो. पक्कडीच्या बारीक टोकात तारेचे अग्र पकडून तो पहिला, सर्वांत घट्ट वळसा गर्भातच देतो आणि मग एकेका वळशाने बाहेर येतो. म्हणजे जिथे कारागिराचा आरंभ, तिथे रसिकाचा विश्राम. दोघे त्याच एका वाटेने जातात, पण एकमेकांकडे तोंड करून. आणि असे वेटोळे पाहताना जो एक सूक्ष्म आनंद होतो, तो मला वाटते या समोरासमोरच्या भेटीचाच असतो.

वळशांमधली अंतरे सारखी नाहीत. यंत्राने वळवलेल्या कमानीत दोन वळशांतली जागा मोजून दिल्यासारखी असते. इथे ती कुठे आखडते, कुठे सैलावते. आणि त्या मोकळ्या जागेतून दिसते काय? ओकीफचे वस्त्र. धातू जिथे नाही तिथे काळे कापड येऊन बसते, आणि ते काळेपण दागिन्याच्या रचनेतलाच एक रंग होते. चित्राला चौकट असते, चौकटीबाहेर भिंत असते, आणि भिंत चित्रात नसते. इथे मात्र भूमी आणि रेषा यांच्यात असा कुंपणाचा व्यवहारच उरलेला नाही. पिन ज्या कापडावर लागेल ते कापड तिची भूमी; श्वासाबरोबर ते हलले की भूमी हलते, आणि भूमीबरोबर रेषाही.

आता त्या रेषेचे अंग पाहू. दुकानात मिळणारी तार आरंभापासून अंतापर्यंत एकाच जाडीची असते, आणि एकाच जाडीच्या रेषेला स्वर नसतो. कॅल्डर ती तार ऐरणीवर ठेवून हातोडीने बडवत असे. घाव जिथे जोराचा पडे तिथे तार पसरून चपटी होई, जिथे हलका तिथे तिचा मूळचा गोलवा राही; टोके अनेकदा बडवून पानासारखी रुंद केलेली असत. त्यामुळे त्याच्या दागिन्यांतली रेषा बोरूने काढलेल्या जुन्या वळणदार अक्षरासारखी होते, कुठे भरून येणारी, कुठे बारीक होत निसटणारी. आणि प्रत्येक घावाचा एक लहानसा पैलू धातूवर राहतो. कॅल्डर ते पैलू घासून नाहीसे करत बसत नसे. उजेड त्या पैलूंवर एकसंध पडत नाही, तो खंडखंड होऊन पडतो. म्हणून पिन स्थिर असूनही तिच्यावरचा प्रकाश स्थिर नसतो.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडच्या सोनारकामाच्या जाणकारांना विशेष रुचेल. कॅल्डर झाळकाम टाळत असे. दोन भाग जोडायचे झाले तर तो तार तारेभोवती गुंडाळी, टोक वळवून अडकवी, किंवा रिव्हेट मारी. झाळलेला सांधा आपले जोडलेपण लपवतो. कॅल्डरचा सांधा ते मोकळेपणाने दाखवतो. ‘मी इथून आलो, इथे वळलो, आणि इथे याला धरून राहिलो’ असे जणू तो सांधा बोलतो. त्यामुळे त्याच्या दागिन्यात सजावट वेगळी आणि बांधणी वेगळी असा भेद राहत नाही. जे धरून ठेवते तेच सुंदर दिसते. हा गुण माझ्या मते त्याच्या साऱ्या अलंकारकलेचा कणा आहे.

हा माणूस या रेषेपर्यंत आला कसा? कॅल्डरचा जन्म १८९८ चा. आजोबा आणि वडील शिल्पकार, आई चित्रकार. आणि स्वतः त्याने पदवी घेतली ती यंत्र-अभियांत्रिकीची, १९१९ मध्ये. त्याही आधी, आठ वर्षांचा असताना, रस्त्यावर तारा जोडणाऱ्या कामगारांनी टाकून दिलेले तांब्याच्या तारेचे तुकडे वेचून त्याने बहिणीच्या बाहुल्यांसाठी दागिने केले होते. तार त्याच्या बोटांना पेन्सिलीइतकीच जवळची होती. पॅरिसमध्ये राहत असताना तारेतून त्याने माणसांचे चेहरे घडवले, एक सबंध सर्कस उभी केली. पण ही तार तोवर कशाची तरी प्रतिमा होती. नाकाची, मिशीची, घोड्याच्या मानेची.

मग १९३० चा ऑक्टोबर महिना आला. माँपार्नास भागातल्या २६, र्यू द्यू देपार या पत्त्यावर पीएट मोंद्रियान या अमूर्त चित्रकाराचा स्टुडिओ होता, आणि कॅल्डर तो पाहायला गेला. पांढऱ्याशुभ्र भिंती, दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून येऊन मिसळणारा प्रकाश, आणि भिंतीवर टाचून ठेवलेले रंगीत पुठ्ठ्याचे आयत. ग्रामोफोनसुद्धा मोंद्रियानने लाल रंगवून घेतलेला. कॅल्डरला त्या जागेचा धक्काच बसला, सुखद आणि खोल. हे आयत हलते-झुलते केले तर बहार येईल, असे तो मोंद्रियानला म्हणाला; मोंद्रियानने गंभीरपणे उत्तर दिले की त्याची गरज नाही, आपली चित्रे मुळातच वेगवान आहेत. घरी परतून कॅल्डरने काही दिवस अमूर्त चित्रे रंगवून पाहिली. मग ब्रश ठेवला आणि तो पुन्हा तारेकडे वळला. पुढल्याच वर्षी त्याची हलती शिल्पे पाहून मार्सेल द्युशाँ या कलावंताने त्यांना ‘मोबाइल’ हे नाव दिले.

इथे एक मोठी मौज आहे. मोंद्रियानच्या चित्रांत वक्ररेषेला स्थान नाही. आडव्या आणि उभ्या रेषा, आणि त्यांनी तोललेले रंग, एवढेच त्याचे विश्व. आणि कॅल्डरचे दागिने पाहावेत तर वळणे, वेटोळी, भोवरे यांची नुसती झुंबड. मग त्या स्टुडिओतून तो घेऊन काय आला? आकार नव्हेच. त्याने आणली ती एक मुभा: रेषेने कशाचेही चित्र असण्याची गरज नाही, ती स्वतःच एक वस्तू आहे, एक घटना आहे, ही मुभा. अमूर्त चित्रातून स्फुरलेला दागिना म्हटले की चित्रातले चौकोन आणि ठिपके उचलून पदकावर चढवलेले आपण पुष्कळदा पाहतो, आणि ते बहुधा निर्जीव वाटतात. कारण तिथे चित्राचा वेश घेतलेला असतो, चित्राचा धर्म घेतलेला नसतो. कॅल्डरने धर्म घेतला आणि वेश मोंद्रियानकडेच राहू दिला. १९३१ मध्ये त्याचे लुइझा जेम्सशी लग्न झाले, तेव्हा तिच्यासाठी त्याने स्वतः सोन्याच्या तारेची अंगठी केली होती; बोटाभोवती तारेचे वळसे आणि वर एक वेटोळे. बोटाला धरून राहणारा भाग आणि मिरवणारा भाग एकाच तारेचा. पुढे आयुष्यभरात त्याने सुमारे १८०० अलंकार केले, पितळेचे, चांदीचे, क्वचित सोन्याचे, जवळजवळ सगळे आपल्याच हातांनी. न्यूयॉर्कच्या विलर्ड गॅलरीत १९४० च्या डिसेंबरात त्यांचे खास प्रदर्शन भरले.

त्या काळच्या कलाजगतात हे दागिने कसे मिरवले जात, याची एक हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. २० ऑक्टोबर १९४२ रोजी पेगी गुगनहाइम या कलासंग्राहक बाईंनी न्यूयॉर्कमध्ये आपले नवे कलादालन उघडले, तेव्हा तिच्या एका कानात कॅल्डरने केलेले तारेचे झुलते कर्णभूषण होते आणि दुसऱ्या कानात इव्ह तांगी या अतिवास्तववादी चित्रकाराने रंगवलेले इवलेसे चित्र. अमूर्त कला आणि अतिवास्तववाद, दोघांविषयी आपला समभाव आहे हे तिने असे कानांनीच जाहीर केले. पुढे तिने कॅल्डरकडून पलंगाची उशाकडची सबंध जाळी करवून घेतली, ती चांदीत. युद्धामुळे इतर धातू दुर्मिळ झाले होते. मासे, पाणवेली, आणि वेटोळ्यांवर वेटोळी असलेली ती जाळी आज व्हेनिसमध्ये तिच्या घराच्या संग्रहालयात आहे. दागिन्याची रेषा खोलीच्या भिंतीएवढी झाली तरी तिचा श्वास तुटत नाही, हे त्या जाळीकडे पाहून पटते.

आता ओकीफकडे परत येऊ, कारण या पिनचा दुसरा हात तिचा आहे. ही काही केवळ गुणग्राहक यजमानीण नव्हती. १९१५ मध्येच, अमेरिकेत अमूर्त चित्रकला अगदी कोवळी असताना, तिने कोळशाने निखळ अमूर्त रेखाटने केली होती, आणि वेटोळे हा तिचा फार जुना सोबती. त्या आरंभीच्या रेखाटनांतच तो येतो. कॅल्डरने तिला अक्षरे दिली. तिने काय केले? छायाचित्रांत पाहावे तर पिन तिने उभी लावलेली दिसते, एक चतुर्थांश वळवून. तेवढ्याने ‘ओ’ आणि ‘के’ वाचता येईनासे झाले. उरले ते एक वेटोळे, एक दांडा, आणि दांड्याला फुटलेले दोन टोकदार कोन. वक्र आणि सरळ यांचा एक संवाद, ज्याला आता कोणाचे नाव चिकटलेले नाही.

मला ही कृती विलक्षण वाटते. अमूर्तीकरण म्हणजे काय, यावर ग्रंथ लिहिले गेले आहेत. इथे ते बोटांच्या एका हालचालीत घडले. शिल्पकाराने पिनमध्ये नाव घातले होते, चित्रकर्तीने ते नाव पुसले नाही, मोडले नाही, फक्त फिरवले; आणि नावाआड उभा असलेला आकार पुढे आला. आपल्या नावाची आद्याक्षरे छातीवर मिरवणे तिच्या स्वभावात बसणारे नव्हते, असेही कोणी म्हणेल, आणि तेही खरेच असेल. पण कारण स्वभावाचे असो की दृष्टीचे, फळ चित्रकाराचे आहे. दागिना करणाऱ्याच्या हातून सुटतो तेव्हा तो अर्धा असतो. तो कसा ल्यावा हे ठरवणारा हात त्याला पुरा करतो. नथ तीच, पण लेणारीच्या नाकाची ठेवण आणि मानेचा डौल तिला वेगळी करतो, हे आपल्या घरांतल्या थोरल्या बायकांना कोणी शिकवावे लागले नाही.

आणि मग केस पिकले. ओकीफचे काळे केस रुपेरी झाले, आणि तिच्या चित्रकाराच्या डोळ्याला जाणवले की पितळेचा पिवळेपणा आता जुळत नाही. काळे केस, काळे वस्त्र आणि मधे पितळेचा उबदार ठिपका, हा मेळ एके काळी बरोबर होता. केस पांढरे होताच चित्रातला एक मोठा रंगच बदलला, आणि एक रंग बदलला की शेजारच्या रंगांनाही आपली जागा पुन्हा मागावी लागते, हे चित्रकाराला ठाऊक असते. वार्धक्य लपवायला म्हणून केस रंगवणे तिला सुचले नाही. तिने दागिन्याचा रंग बदलायचे ठरवले. केसांना प्रमाण मानून धातूने जुळवून घ्यावे, या निर्णयात केवढा तरी शांत अभिमान आहे.

ती १९४९ पासून न्यू मेक्सिकोत कायमची राहत होती, जिथे नावाहो कारागिरांच्या चांदीकामाची मोठी परंपरा आहे. तरीही चांदीची पिन घडली ती भारतात. १९५९ मध्ये, वयाच्या बहात्तरीकडे झुकताना, ती जगप्रवासाला निघाली होती. भारतप्रवासात तिने कॅल्डरची पिन इथल्या एका सोनाराला दाखवली आणि तशीच चांदीत करून घेतली. योगायोग असा की स्वतः कॅल्डरही १९५५ मध्ये गीरा साराभाई यांच्या निमंत्रणावरून अहमदाबादेत येऊन राहिला होता आणि तिथे त्याने आपली झुलती शिल्पे केली होती. पण त्या सोनाराला यातले काही माहीत असायचे कारण नाही. त्याच्यापुढे आली ती एक परदेशी वृद्ध बाई आणि पितळेची एक वाकडीतिकडी वस्तू.

या तिसऱ्या हाताशी आपण थोडे रेंगाळू या. सुबक, सममित नक्षीची नक्कल करणे सोपे असते, कारण तिच्यामागे नियम असतो. एक पाकळी कळली की उरलेल्या सात कळतात. कॅल्डरच्या रेषेमागे असा नियम नाही. हा वळसा इथेच का सैलावला, हे टोक एवढेच का रुंदावले, याला त्या क्षणीच्या हाताखेरीज दुसरे उत्तर नाही. अशा रेषेची प्रत करायची तर तिचा प्रत्येक कल, प्रत्येक तोल स्वतंत्रपणे वाचावा लागतो, आणि मुख्य म्हणजे ती सुधारण्याचा मोह आवरावा लागतो. पिढ्यान्‌पिढ्या गोल तो गोलच आणि सरळ ते सरळच ठेवायला शिकलेल्या हाताने दुसऱ्याच्या वाकडेपणाचा मान राखणे, ही साधी गोष्ट नाही.

शिवाय धातू बदलला की रेषेचे वागणे बदलते. चांदी पितळेपेक्षा वजनाने भारी आणि अंगाने मऊ. हातोडीखाली ती पितळेइतकी आडमुठी राहत नाही, पटकन पसरते, आणि बडवता बडवता कडक झाली की तिला पुन्हा ताव देऊन नरम करावे लागते. त्याच आकाराची पिन चांदीत किंचित जड भरते, कापडावर किंचित अधिक ओढ घेते. आणि प्रकाश! दृश्य प्रकाश परत पाठवण्यात चांदीइतका उदार दुसरा धातू नाही. पितळ प्रत्येक किरणाला आपला पिवळा रंग चढवून परत करते. चांदी स्वतःचे जवळजवळ काहीच न मिसळता किरण आहे तसा परत देते. म्हणून पितळेच्या पिनमध्ये आपल्याला पितळ दिसते, तर चांदीच्या पिनमध्ये त्या खोलीतला उजेड दिसतो. खिडकीचा उजेड निळसर असेल तर रेषा निळसर. संध्याकाळ तांबूस असेल तर रेषेवर तांबूस झाक. न्यू मेक्सिकोतल्या अबिक्यू गावच्या तिच्या मातीच्या घरात, वाळवंटाच्या त्या निर्लेप प्रकाशात, पांढऱ्या केसांखाली आणि काळ्या वस्त्रावर ही रेषा कशी दिसत असेल याची आपण कल्पना करू शकतो: रंग म्हणून काहीच नाही, केवळ प्रकाश आणि त्याचा अभाव. कोळशाच्या ज्या रेखाटनांपासून ओकीफने १९१५ मध्ये आरंभ केला, त्यांचीच ही उलटी बाजू. तिथे पांढऱ्यावर काळे होते, इथे काळ्यावर पांढरे.

चांदीचा आणखी एक स्वभाव आहे, तो मला या पिनसाठी फार योग्य वाटतो. हवेतल्या गंधकाने ती हळूहळू काळवंडते. वापरात जिथे बोट लागते, कापड घासते, ती उंच जागा उजळ राहते. वळशांच्या पोटातली खोलगट जागा काळी पडत जाते. म्हणजे दागिना जितका ल्यावा तितकी त्याची रेषा आपोआप छायाप्रकाशात गडद होत जाते.

त्याच जगप्रवासात ओकीफने विमानाच्या खिडकीतून खाली नद्या पाहिल्या. वाळवंटांवरून वळणे घेत गेलेल्या, शाखा फुटलेल्या. परतल्यावर तिने त्या कोळशाने रेखाटल्या आणि मग रंगवल्या. १९६० चे ‘इट वॉज ब्लू अँड ग्रीन’ हे चित्र त्यांतलेच. नदी हे नाव बाजूला ठेवून त्या चित्रांकडे पाहिले तर काय आहे? जाड-बारीक होत जाणारी एक वळणदार रेषा, तिला फुटलेले कोन, आणि भोवती मोकळी भूमी. प्रवासाला निघताना कॅल्डरची रेषा तिच्याजवळ होती, प्रवासात सोनाराने तिला रुपेरी अंग दिले, आणि त्याच प्रवासात खाली पृथ्वीवर तिला तशाच रेषा भेटल्या. एकातून दुसरे निघाले असे मी म्हणत नाही. पण ही दोन्ही शेजारी ठेवून पाहिली की दोन्ही अधिक बोलू लागतात, आणि रसिकाला एवढा अधिकार नक्कीच आहे.

या पिनची हकीकत सांगितली जाते तेव्हा पहिल्या दोन हातांची नावे ठळकपणे येतात आणि तिसरा हात ‘भारतातला एक सोनार’ एवढ्यावर मिटतो. पितळेची पिन मूळ आणि चांदीची नक्कल, अशी उतरंड लावण्याची कला-इतिहासाला सवय आहे. मला ती मान्य नाही. कॅल्डरने रेषा दिली, ओकीफने तिला वळवून नावातून सोडवले, आणि त्या सोनाराने तिला चांदीचा प्रकाश दिला. यांतला एकही हात वगळला तर आज आपण जी पाहतो ती पिन उरत नाही. माझ्या लेखी चांदीची पिन ही पितळेच्या पिनइतकीच अस्सल कृती आहे, आणि तिच्या श्रेयात त्या सोनाराचा वाटा एक तृतीयांशापेक्षा तसूभरही कमी नाही.